शंभर बियांची परीक्षा



परीक्षा फक्त आपलीच असते असे नाही. बियांचीही असते. आम्ही चौथीच्या मुलांनी ती एप्रिल महिन्यात घेतली. कशी घेतली ते सांगतो.

गेल्या पावसाळ्यात आमच्या शेतातले सोयाबीन नीट उगवलेच नाही. दुबार पेरणी करावी लागली. बाबांनी उसने पैसे काढले. म्हणून मी वर्गात विचारले, "बाई, बी उगवेल का, हे पेरायच्या आधी कळतं का?" बाईंनी उत्तर सांगितले नाही. म्हणाल्या, "तूच शोध. आधी अंदाज वहीत लिही." मी लिहिले, शंभरात ९० उगवतील.

कृती अशी आहे. गोणपाट भिजवून पसरायचे. बियांतून न निवडता शंभर दाणे घ्यायचे. दहा दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडायच्या. वरून दुसरे ओले गोणपाट घालून सैल गुंडाळी करायची. ती सावलीत ठेवायची. रोज थोडे पाणी शिंपडायचे. सहाव्या दिवशी उघडून, चांगले कोंब आलेले दाणे मोजायचे.

पहिल्या वेळी आमची फजिती झाली. आम्ही रोज बादलीभर पाणी ओतले. बी कुजले, घाण वास सुटला. बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "हेपण वहीत लिहा." दुसऱ्या वेळी ओल राहील एवढेच पाणी शिंपडले.

माझे ६० दाणे उगवले. अंदाज चुकला! माझ्या मैत्रिणीचे ८१ उगवले. तिच्या घरी गोणी फळीवर ठेवतात, आपटत नाहीत. आमची गोणी माळ्यावरून खाली टाकतात. मग दुसरा प्रश्न पडला. आपटल्याने बी मरते का? तिच्याच बियांतले शंभर दाणे पिशवीत घालून वीस वेळा फरशीवर आपटले आणि लावले. खात्री करायला माझेही बी पुन्हा लावले. सहावा दिवस पालकसभेचाच होता.

सभेत आम्ही पाठ केलेले काही म्हटले नाही. गोणपाट आणि वह्या मांडल्या. कुजलेल्या बियांचे पानही उघडे ठेवले. पालकांनी विचारायचे, आम्ही सांगायचे. आपटलेल्या बियांतले ५४ च उगवले होते. एक आजोबा म्हणाले, "दाणे तर सगळे सारखेच दिसतात रे." मी म्हणालो, "आजोबा, सोयाबीनची साल पातळ असते. कोंब सालीच्या लगेच खाली असतो. त्याला मार लागतो, पण वरून दिसत नाही. म्हणून तर मोजायचं."

मग मी फळ्यावर गणित मांडले. शंभरात ७० उगवले तर एकरी ३० किलो बी पुरते. ७० × ३० = २१००. माझे उगवले ६०. २१०० ÷ ६० = ३५. म्हणजे एकरी ३५ किलो बी हवे. आमचे शेत दोन एकर, म्हणून ६० किलोऐवजी ७० किलो.

बाबा मागे उभे होते. ते पुढे आले आणि माझ्या गोणपाटावरचे कोंब स्वतः मोजू लागले. ५९ भरले. थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "दहा किलो जास्त धरू. आणि गोणी आता दोघं मिळून उतरवू."

पालकहो, पेरणीआधी तुम्हीही शंभर दाणे लावून पाहा. गोणपाट घरचेच असते. पैसा एकही लागत नाही.

– इयत्ता ४ थीचा एक विद्यार्थी