मिळालेला प्रवेश हातून जातो तेव्हा

जव्हार आणि मोखाडा या पालघर जिल्ह्यातल्या डोंगरी तालुक्यांत एखाद्या पाड्यावरच्या मुलाला किंवा मुलीला नर्सिंग, फार्मसी, अभियांत्रिकी किंवा वैद्यकीय शाखेत प्रवेश मिळाला, की ती बातमी एका घरापुरती राहत नाही. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी कुटुंबांत बारावीनंतर शहरात शिकायला जाणारे ते अनेकदा पहिलेच मूल असते. फीसाठी उसनवारी होते, नवी बॅग येते, आश्रमशाळेतले शिक्षक अभिनंदन करतात. आणि मग पहिले सत्र सुरू होण्याआधीच निरोप येतो : कागदपत्र अपुरे, प्रवेश रद्द.

याचे एक नेहमीचे कारण म्हणजे जातवैधता प्रमाणपत्र. राज्याच्या २००० सालच्या कायद्यानुसार व्यावसायिक अभ्यासक्रमातील राखीव जागेसाठी केवळ जातीचा दाखला पुरत नाही, तपासणी समितीची मोहर लागते. मुदतीत ती मिळाली नाही, तर राखीव जागेवरचा प्रवेश जाऊ शकतो. पडताळणी हवीच. खोटे दाखले काढून खऱ्या आदिवासींच्या जागा घेणारे होते, म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने २ सप्टेंबर १९९४ रोजी माधुरी पाटील प्रकरणात तपासणीची पद्धत घालून दिली. पण अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या नोंदींना मोठे वजन असते. ज्याच्या आजोबांनी शाळेचे तोंडच पाहिले नाही, त्याने शाळेच्या रजिस्टरातला उतारा आणायचा कुठून? रेल्वे नसलेल्या मोखाड्यातून समितीच्या कार्यालयापर्यंतच्या लांबच्या खेपा, त्यात बुडालेली मजुरी, हे सारे त्या एका कागदाच्या मागे असते.

हा प्रश्न वरवर पाहता कार्यालयाचा वाटतो. प्रत्यक्षात तो काही दिवसांतच दवाखान्यात येऊन पोहोचतो.

शरीरात काय घडते?

मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी ताणाच्या वेळी कॉर्टिसॉल हे संप्रेरक सोडतात. कोणत्या प्रकारच्या ताणात ते सर्वाधिक वाढते, याचा शोध डिकरसन आणि केमेनी या संशोधकांनी २००४ मध्ये २०८ प्रयोगांचा एकत्रित अभ्यास करून घेतला. ज्या ताणात परिस्थिती आपल्या हातात नसते आणि शिवाय चारचौघांत आपली किंमत ठरते आहे असे वाटते, तिथे कॉर्टिसॉल सर्वात जास्त वाढले आणि पूर्वपदावर यायला सर्वात जास्त वेळ लागला.

प्रवेश रद्द होण्यात या दोन्ही गोष्टी एकत्र येतात. निर्णय दूरच्या कार्यालयात झालेला असतो आणि पाड्यावर प्रत्येक जण विचारत असतो, ‘कधी निघणार?’ शिवाय मुळात न मिळालेल्या गोष्टीपेक्षा मिळून गेलेली गोष्ट माणसाला अधिक टोचते. नापास झालेल्या मुलाला निदान कारण ठाऊक असते. इथे अभ्यास केला, गुण मिळवले, तरी जागा गेली, म्हणून मुलगा दोष स्वतःत शोधत बसतो.

रात्री कॉर्टिसॉल उतरायला हवे, ते चढे राहिले की झोप तुटते. झोप तुटली की भूक मंदावते, डोके जड होते, राग लवकर येतो. त्यातच आवेग आवरणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत पक्व होत असतो. अठराव्या वर्षी ‘सगळे संपले’ हा विचार येतो तेव्हा तो खराच वाटतो.

तक्रार वेगळी, दुखणे वेगळे

अशी मुले ‘मला नैराश्य आले’ असे सांगत येत नाहीत. ती सांगतात छातीत धडधड, पोटात जळजळ, चक्कर, हातापायांना मुंग्या. घरचे आधी भगताकडे नेतात, मग सलाईन किंवा ताकदीचे इंजेक्शन मागतात. सलाईनने दोन तास बरे वाटते, कारण मूल दोन तास शांत पडून राहते आणि कोणीतरी शेजारी बसते. त्यातला उपयोगी भाग शेजारी बसण्याचा असतो.

मोठ्या धक्क्यानंतर महिनाभरात सुरू होणाऱ्या अशा त्रासाला समायोजन विकार म्हणतात. आधार मिळाला तर तो साधारण सहा महिन्यांत निवळतो. मात्र दोन आठवड्यांहून अधिक काळ रोज उदासी, कशातच रस नाही, झोप-भूक पार बिघडलेली, असे असेल तर डॉक्टरांना दाखवायलाच हवे. रक्तक्षय आणि थायरॉइडचीही तपासणी करावी. या भागात रक्तक्षय पुष्कळ दिसतो आणि त्याचा थकवा मनाच्या थकव्यात मिसळून जातो.

‘मी नसलो तर बरे’ अशी भाषा, आवडत्या वस्तू वाटून टाकणे, अचानक दारू सुरू करणे किंवा एकाएकी फार शांत होणे, ही लक्षणे दिसली तर त्याच दिवशी मदत घ्यावी. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि राज्यांत महाराष्ट्र पहिला होता. मुलाला थेट विचारावे, ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्याने विचार डोक्यात घुसत नाही, उलट मन मोकळे होते. फवारणीची औषधे घराबाहेर, कुलपात आणि चावी मोठ्यांकडे ठेवावी. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर बंदी आणल्यावर तिथल्या आत्महत्यांचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. कठीण घडी टळली की बहुतेक जण पुढे जगतात.

टेलि-मानस या सरकारी सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. ऑक्टोबर २०२२ पासून ती मोफत, चोवीस तास आणि मराठीतही मिळते. पाड्यावर रेंज नसेल, तर आशा ताई किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे.

घरच्यांनी काय करावे?

पहिले काम म्हणजे दोष वाटणे थांबवणे. ‘कागद वेळेवर का काढला नाहीस?’ या प्रश्नाने कागद मिळत नाही. दुसरे, मोठे निर्णय लगेच घेऊ नयेत. मुलीचा प्रवेश गेला की स्थळ बघायला लागतात, मुलाला दिवाळीनंतर वीटभट्टीवर पाठवतात. एका मुदतीची चूक आयुष्याचा निकाल ठरते ती इथे. तिसरे, दिनक्रम मोडू देऊ नये. उठण्याची वेळ, शेतातले काम, मित्रांची भेट चालू राहावी.

चौथे, हातात काहीतरी कृती द्यावी, कारण ताणावर तीच मोठी मात्रा आहे. प्रवेश रद्द झाल्याचे कारण लेखी घ्यावे, अर्जाची पोच जपावी, पुढची फेरी आहे का ते पाहावे आणि आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात जाऊन विचारावे. वडील किंवा सख्ख्या चुलत्यांचे वैधता प्रमाणपत्र असेल तर ते जोडावे, त्याला महत्त्व असते. एक वर्ष गेलेच, तर जव्हारच्या महाविद्यालयात नाव घालून अभ्यासाशी नाते ठेवता येते.

दाद मागण्याने फरक पडतो, याचे ताजे उदाहरण महाराष्ट्रातलेच आहे. ओंकार गोंड या विद्यार्थ्याला ४४ ते ४५ टक्के वाचादोष असल्याच्या आकड्यावरून एमबीबीएससाठी अपात्र ठरवले गेले. सर्वोच्च न्यायालयाने मौलाना आझाद वैद्यकीय महाविद्यालयाच्या मंडळाकडून तपासणी करवून घेतली. शिक्षणात अडथळा येणार नाही, असे मत आल्यावर त्याला प्रवेश मिळाला. केवळ टक्केवारीवरून कोणाला बाद करता येणार नाही, असा सविस्तर निकाल १५ ऑक्टोबर २०२४ रोजी आला.

प्रत्येकाला न्यायालय गाठणे शक्य नाही. म्हणून खरा प्रतिबंध आधीच करायचा असतो. आश्रमशाळा आणि कनिष्ठ महाविद्यालयांनी अकरावीतच वैधतेचे अर्ज भरून घ्यावेत आणि पुढे काय झाले याची दर तीन महिन्यांनी विचारपूस करावी. लसीकरणाची यादी जशी घरोघर तपासली जाते, तशीच ही यादी तपासता येईल. लस वेळेवर दिली की आजार टळतो, कागद वेळेवर निघाला की हा आजारही टळतो.