बाजरीचा गोसावी रोग आणि ओल्या रात्री

बीड जिल्ह्यातील आष्टी, पाटोदा, शिरूर (कासार) व गेवराई या भागांत बाजरी हे खरिपाचे जुने पीक होय. हलक्या जमिनीत आणि बेताच्या पावसात घरची भाकरी व जनावरांची वैरण या दोन्ही गरजा ते भागविते. या पिकाचा मोठा शत्रू म्हणजे केवडा अथवा गोसावी रोग. रोप लहान असताना हा रोग जडला, तर त्या ताटापासून दाण्याची आशा फारशी उरत नाही.

रोगाची ओळख

रोगट रोपाची पाने बुडख्याकडून फिकट पिवळी पडू लागतात. दमट हवेत पहाटेच्या वेळी पान उलटून पाहिल्यास खालच्या बाजूस पांढरी लव दिसते. पुढे कणसात दाण्यांच्या जागी हिरव्या पानांसारखी वाढ होते. असे कणीस पाहून जटाधारी गोसाव्याची आठवण व्हावी, हे साहजिकच आहे.

हा रोग उत्पन्न करणारा सूक्ष्म जीव बुरशीसारखा दिसतो. परंतु शास्त्रज्ञ त्याची गणना खऱ्या बुरशीत करीत नाहीत. त्याचे नाते पाण्यातील काही शेवाळांशी अधिक जवळचे आहे. पानावर ओल असल्यावाचून त्याचा प्रसार होत नाही, ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी.

हवामानाचा वाटा

रोगट कणसांचा व पानांचा चुरा जमिनीत मिसळला म्हणजे त्यातील जाड कवचाचे बीजाणू काही वर्षे जिवंत राहतात. पेरणीनंतर कोवळ्या रोपांना पहिली लागण त्यांच्यापासून होते.

दुसरी लागण हवेतून होते. आभाळ भरलेले, हवा दमट आणि रात्रीची उष्णता २० ते २५ अंश सेल्सिअस असली, म्हणजे रोगट पानाखाली रातोरात असंख्य नाजूक बीजाणू तयार होतात. पहाटेच्या वाऱ्याबरोबर ते शेजारच्या रोपांवर पडतात. तेथे पान ओले असेल, तर प्रत्येक बीजाणूतून पोहणारे सूक्ष्म जीव बाहेर पडतात आणि काही तासांत पानात शिरतात. ऊन पडून पान सुकले, तर हेच बीजाणू मरून जातात. म्हणून लख्ख उघडीप पिकाला तारक, तर चार दिवसांची झड रोगाला पोषक ठरते.

तंबाखूवर याच जातीकुळीचा एक रोग येतो. १९५८ साली तो इंग्लंडमध्ये आढळला आणि थोड्याच वर्षांत युरोपच्या मोठ्या भागात पसरला. दमट, ढगाळ हवेत वारा त्याचे बीजाणू दूरवर नेतो. बाजरीवरील बीजाणू त्यामानाने अल्पायुषी असल्याने त्यांचा उपद्रव मुख्यतः त्याच शेतात व लगतच्या शेतांत होतो. एका शेतकऱ्याची हयगय अशा रीतीने बांधापलीकडच्या शेजाऱ्यालाही भोवते.

१९७१ चा धडा

१९६५ साली एच. बी. १ हा बाजरीचा पहिला संकरित वाण देशात प्रसारित झाला. उत्पन्न वाढले, तसा नव्या वाणांचा पेराही वाढला. परंतु सुरुवातीच्या या संकरित वाणांची मादी एकच होती आणि तिच्यात या रोगाचा प्रतिकार करण्याची शक्ती नव्हती. १९७१ साली रोगाची मोठी साथ येऊन देशातील बाजरीची अतोनात हानी झाली. त्यानंतर रोगप्रतिकारक वाणांच्या संशोधनास जोर आला. १९८८ साली प्रसारित झालेला आय. सी. टी. पी. ८२०३ आणि त्यातूनच सुधारून काढलेला धनशक्ती हे वाण महाराष्ट्रात परिचित आहेत.

उपाययोजना

१. रोगप्रतिकारक वाणाचे प्रमाणित बियाणे घ्यावे. एकच वाण वर्षानुवर्षे सर्व शिवारात पेरू नये.

२. पेरणीपूर्वी १ किलो बियाण्यास मेटॅलॅक्झिल ३५ एस. डी. हे औषध ६ ग्रॅम या प्रमाणात चोळावे. मिठाच्या पाण्यात बी बुडविणे हा अरगट रोगावरील उपाय आहे; त्याने गोसावी रोग टळत नाही.

३. पुरेसा पाऊस होताच वेळेवर पेरणी करावी. उशिरा पेरलेल्या कोवळ्या पिकावर आधीच्या रोगट पिकाचे बीजाणू येऊन पडतात.

४. उगवणीपासून तीन आठवडे शेत वरचेवर पाहावे. रोगट रोप दिसताच उपटून शेताबाहेर नेऊन जाळावे.

५. ज्या शेतात रोग आला, तेथे पुढील काही वर्षे तूर, मटकी यांसारख्या पिकांची फेरपालट करावी.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी झडीच्या दिवसांत शेतकऱ्यांसमवेत पहाटेच शिवारफेरी करावी आणि पान उलटून पांढरी लव त्यांना प्रत्यक्ष दाखवावी. पाऊस व वारा कोणाच्या हाती नाहीत. परंतु रोगट रोप पुढच्या ओल्या रात्रीपूर्वी उपटणे प्रत्येकाच्या हाती आहे. सर्व शेजाऱ्यांनी मिळून हे काम केले, तरच त्याचा पुरता लाभ होईल.