डोळ्यात उतरलेले रक्त

वाचकहो, गोसीखुर्दच्या धरणावरून आपण पावसाळ्यातली वैनगंगा पाहिली असेल. पाणी इतके गढूळ, की तळ सोडाच, वीतभर खालचेही दिसत नाही. डोळ्याच्या आत रक्त उतरले म्हणजे असेच होते.

आपल्या डोळ्याच्या पोकळीत अंड्याच्या पांढऱ्यासारखा, सुमारे ४ मिलिलिटर पारदर्शक द्रव असतो. त्याला काचाभ द्रव म्हणतात. त्याच्या मागे दृष्टिपटल, म्हणजे डोळ्याचा पडदा. जुन्या मधुमेहात पडद्यावर नाजूक रक्तवाहिन्या उगवतात व फुटतात. कधी पडदा फाटतो, कधी मार लागतो. मग रक्त या द्रवात मिसळते.

दुखत मुळीच नाही. एकाएकी काळे धागे तरंगू लागतात आणि काही तासांत अंधार होतो. वरून डोळा चांगला दिसतो, म्हणून घरची मंडळी म्हणतात, “मोतीबिंदू असेल, पिकू द्या.” इथेच घात होतो. मोतीबिंदू सावकाश येतो. एकाएकी आलेला अंधार मोतीबिंदूचा नव्हे.

डॉक्टर सोनोग्राफीने रक्तामागचा पडदा पाहतात. पडदा जागेवर असला तर काही आठवडे वाट पाहतात. गढूळ पाणी निवळते तसे रक्तही कधी आपोआप निवळते. पडदा सुटला असेल तर मात्र शस्त्रक्रियेला उशीर चालत नाही.

या शस्त्रक्रियेचे नाव व्हिट्रेक्टॉमी. रॉबर्ट माखेमर या जर्मन डॉक्टरांनी अमेरिकेत मायामी येथे १९७० साली ती प्रथम केली. आपले यंत्र त्यांनी आधी अंड्याच्या पांढऱ्यावर चालवून पाहिले होते! बुबुळालगतच्या पांढऱ्या भागात तीन छिद्रे पाडतात, प्रत्येक १ मिलिमीटरहून लहान. एकातून क्षारयुक्त पाणी आत जाते, दुसऱ्यातून उजेड, आणि तिसऱ्यातून रक्ताळलेला द्रव कापून शोषून घेणारी बारीक नळी. मग लेसरने पडद्याचे दोष सांधतात. डोळ्यात वायू भरला असेल तर डॉक्टर सांगतील तसेच डोके ठेवावे, आणि तो विरेपर्यंत विमानात बसू नये.

पण एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. शस्त्रक्रिया पाणी स्वच्छ करते; तळच खराब झाला असेल तर गेलेली नजर पुरती परत येत नाही.

म्हणून गुरुजींनो, गावात एवढे जरूर सांगा : मधुमेह असेल त्याने, नीट दिसत असतानाच, दरवर्षी बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्यावा. आणि अंधार एकाएकी आला तर घरगुती थेंब घालीत बसू नये. त्याच दिवशी भंडारा किंवा नागपूरची वाट धरावी.