यंत्रांची अति काळजी

आमच्या घरीं लंबकाचें एक जुनें घड्याळ आहे. दर रविवारीं तें उघडावें, पुसावें, तेल घालावें, असा माझा क्रम असे. आणि सोमवारीं तें हटकून मागें पडे. दोष मीं घड्याळालाच दिला. मास्तरांची ही जुनी खोड!

दुसऱ्या महायुद्धांत ब्रिटिश विमानदळाच्या कोस्टल कमांड शाखेंत असाच प्रकार आढळला. पाणबुड्या शोधणारीं विमानें दर ५० उड्डाण-तासांनीं तपासणीसाठीं उघडलीं जात. वॅडिंग्टन या जीवशास्त्रज्ञानें नोंदी चाळल्या, तों तपासणीनंतरच बिघाड सर्वांत अधिक, आणि पुढें ते उतरत गेलेले! कारण गूढ नव्हे. सुस्थितींतला भाग काढून पुन्हां बसवितांना वॉशर तिरका बसतो, तेलांत कचरा जातो, एखादा नट सैल राहतो. शिवाय विमान शेडमध्यें अडकलें, कीं तेवढा समुद्र राखणीवांचून राहतो. तपासणीचें अंतर वाढविलें, अनाठायीं कामें गाळलीं, तेव्हां विमानें अधिक तास हवेंत राहूं लागलीं.

पुढें १९७८ मध्यें नोलन व हीप या अमेरिकन विमान कंपनीच्या दोघां जाणत्यांनीं अहवाल लिहिला. मुदत ठरवून बदलल्यानें लाभ होईल असे भाग शंभरांत केवळ ११ निघाले. टायर, ब्रेक झिजणारच. ते वेळेवर बदलावे. बाकीच्यांचें वय मोजण्यापेक्षां प्रकृति पाहावी : बेअरिंगची उष्णता, कंपनें, तेलांतील धातूचा कीस. कारखान्यांतील पंपांनाही हाच न्याय. तेथला मिस्त्री रोज हात लावून पाहतोच. तें वहींत उतरतें काय, एवढें मालकानें विचारावें.