ओरडल्यानं बर्फ कोसळत नाही

सिनेमात कुणी दरीत हाक मारली की डोंगर खाली येतो. प्रत्यक्षात हिमथर मोडण्याइतका दाब माणसाच्या आवाजात नसतो. तो त्याच्या पायांत असतो. हिमभागात भटकणाऱ्यांचे जीव घेणाऱ्या हिमस्खलनांपैकी सुमारे ९० टक्क्यांमध्ये घसरण सुरू करणारा त्या तुकडीतलाच कुणीतरी असतो.

याचं कारण बर्फाच्या पोटात असतं. बर्फ थराथरांनी साचतो. थर पातळ आणि हवा कडाक्याची थंड असेल, तर खालची वाफ वर सरकते आणि तळाचे स्फटिक मोठे, सुटे होतात. हाताने खणून पाहिलं तर ते जाड रव्यासारखे बोटांतून निसटतात. वाऱ्याने वर घट्ट पापुद्रा बसवला की भरभक्कम जमीन असल्यासारखं वाटतं. अशा जागी पाऊल पडताच ‘धप्प’ आवाज आला किंवा बर्फाला लांब चीर गेली, तर खालचा थर बसला असं समजा. त्या उतारावरून तेव्हाच मागे फिरायचं.

उतार जितका उभा तितका धोका जास्त, हेही अर्धसत्यच. फार उभ्या कड्यावर बर्फ टिकतच नाही. पापुद्रे सुटतात ते बहुधा ३० ते ४५ अंशांच्या, चालायला बऱ्या वाटणाऱ्या उतारांवर. आधीच्या पाऊलखुणा दिसल्या म्हणूनही निर्धास्त होऊ नये; पाचजण सुखरूप गेले, सहाव्याचा पाय थर पातळ असलेल्या जागी पडू शकतो.

‘आभाळ निवळलं, आता चला’ हा हिशेबही चुकतो. मोठ्या हिमवृष्टीनंतरचे पहिले एक-दोन दिवस सर्वांत नाजूक, आणि नेमकं तेव्हाच ऊन पडतं. धोका फक्त ऐन हिवाळ्यात असतो असंही नाही. उत्तराखंडातल्या द्रौपदी का डांडावर ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेची तुकडी हिमस्खलनात सापडली. २७ मृतदेह मिळाले, दोघं बेपत्ता राहिले. एव्हरेस्टवीर सविता कंसवाल तिथेच गेली.

बर्फ मऊ, हातपाय मारून बाहेर येऊ, ही समजूत तर जीवघेणी. घसरण थांबताच बर्फ आवळून बसतो, बोटही हलत नाही. पहिल्या १०-१५ मिनिटांत काढलेले बहुतेकजण वाचतात. त्यानंतर शक्यता झपाट्याने घटते. २०१६ साली सियाचिनमध्ये लान्स नायक हनुमंतप्पा सहा दिवसांनी जिवंत सापडले, पण तो अपवाद होता आणि तेही पुढे तीन दिवसांत गेले. हेलिकॉप्टर येईपर्यंत वेळ निघून जाते. वाचवतो तो शेजारचाच माणूस, तोही त्याच्याकडे बीकन (गाडलेल्याचा ठाव दाखवणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं असेल तर.

पुण्या-मुंबईहून बर्फातल्या ट्रेकला पैसे भरण्याआधी आयोजकाला दोन गोष्टी विचारा: डीआरडीओच्या चंदीगडमधल्या डीजीआरई संस्थेचा हिमस्खलन-इशारा तुम्ही रोज पाहता का, आणि तुमच्याकडे बीकन किती? उत्तर गुळमुळीत आलं, तर दुसरा आयोजक शोधा.