जुन्या लुगड्यांची गोधडी आणि बिनकामाचे दिवस

पिंपरी-चिंचवड आणि चाकण पट्ट्यातील कामगार कुटुंबाला काही शब्दांचे अर्थ कोणाला विचारावे लागत नाहीत. 'ब्लॉक क्लोजर', 'ब्रेक', 'ठेकेदार बदलला'. यातला एखादा शब्द कानावर आला की घरातली बाई मनातल्या मनात किराणा, खोलीभाडे आणि मुलांची फी यांची बेरीज मांडू लागते. २००७ साली आकुर्डीच्या बजाज कारखान्यातले उत्पादन थांबले. २०१९ साली मोटारींचा खप घसरला तेव्हा मोठ्या कारखान्यांनी काही काही दिवस काम बंद ठेवले आणि त्यांच्यावर अवलंबून असलेल्या भोसरी-चाकणच्या लहान शॉपमध्ये पाळ्या कमी झाल्या. पाठोपाठ २०२०ची टाळेबंदी आली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तळेगावच्या जनरल मोटर्सच्या कारखान्यातले उत्पादन बंद पडले आणि हजाराहून अधिक कामगारांच्या संसाराचा प्रश्न उभा राहिला. पुढे तो कारखाना ह्युंदाईने घेतला. परंतु मधल्या काळात त्या घरांनी काय सोसले ते त्यांनाच ठाऊक! कायम कामगारांची ही गत, तर सात महिन्यांनी ब्रेक घेऊन पुन्हा गेटवर उभ्या राहणाऱ्या कंत्राटी पोराची काय कथा?

अशा दिवसांत कर्ता माणूस घरात बसून असतो. दहा बाय दहाच्या खोलीत दिवसभर दोघांनी एकमेकांचा चेहरा किती पाहायचा? शेजारीण सहज विचारते, "भाऊ आज पाळीला गेले नाहीत का?" आणि त्या सहज प्रश्नाला उत्तर द्यायला नको म्हणून बाई दार लोटून घेते. हे लोटलेले दार मोठे वाईट. पैशाची चणचण तर आहेच, तिच्यावर एकटेपणाचा बोजा चढतो.

कामगार कायद्याची चर्चा येथे करायची नाही. युनियनचे काम युनियनने करावे. आज बोलायचे आहे ते एका जुन्या, साध्या उद्योगाविषयी, म्हणजे चौघीजणींनी मिळून गोधडी शिवण्याविषयी.

१९७२च्या दुष्काळात मराठवाड्यातून आणि नगर-सोलापूरकडून कितीतरी कुटुंबे या कारखान्यांच्या आधाराने आली. पत्र्याच्या पेटीत भांडी आणि पेटीवर दोरीने बांधलेल्या गोधड्या, एवढाच पुष्कळांचा संसार होता. पुणेकडची ती गोधडी, सातारा-सांगली-कोल्हापूरकडची ती वाकळ. नाव वेगळे, जिन्नस तोच. पत्र्याच्या घरात थंडीच्या रात्री तिनेच लेकरे सांभाळली. पुढे सोलापुरी चादरी आल्या, मागून पानिपतची मऊ ब्लँकेटे हप्त्यावर मिळू लागली, आणि गोधडी माळ्यावर गेली. तिच्याबरोबर दुपारची बैठकही गेली, ती मात्र कोणाच्या फारशी ध्यानात आली नाही.

कारण गोधडी खरे तर एकटीने करण्याची वस्तू नाहीच. आधी अंगणात, गल्लीत किंवा विहाराच्या फरशीवर जुने नऊवारी लुगडे अस्तर म्हणून अंथरायचे. चारी टोके चौघींनी ताणून धरायची, सुरकुती राहता कामा नये. त्यावर जुन्या चादरी, धोतरे, उसवून सपाट केलेले सदरे यांचे थर पसरायचे. कोठे जाड, कोठे विरळ असे होऊ द्यायचे नाही, हे काम सवयीच्या हाताचे. वरून दुसरे लुगडे, मग कडा आत दुमडून लांब कच्चे टाके. एवढे झाले की चौघी चार बाजूंना बसतात आणि धावदोरा कडेने सुरू होऊन चौकोना-चौकोनाने आत सरकत जातो. ओळींत बोटभर अंतर. टाके जसे आत जातात तशा बायकाही सरकत सरकत जवळ येतात, आणि शेवटच्या ओळी घालताना गुडघ्याला गुडघा लागतो. एकटीला महिना-दीड महिना सहज लागेल, ते काम चौघींचे हात लागले की थोड्या दुपारांत उरकते.

या बैठकीचे एक वैशिष्ट्य असे की नजर सुईवर असते. समोरासमोर तोंडाकडे पाहून जे सांगता येत नाही, ते खाली मान घालून टाका घालता घालता सांगता येते. कोणाच्या घरी काम सुटले, कोणाचा दवाखाना लांबला, कोणाची मुलगी बारावीला आहे, हे सारे दोऱ्याबरोबर निघते. उत्तर लगेच द्यावे लागत नाही. "सुई ओवून दे गं वैनी" म्हणत थोडा वेळ काढता येतो. आणि पुष्कळदा त्याच बैठकीत कोणीतरी सांगते की अमुक कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटायला बाई हवी आहे!

आता एक अडचणीचा मुद्दा. आपल्यातल्या कित्येक भगिनींना गोधडी म्हटले की लाज वाटते. त्यांना दोष देता येणार नाही. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी मेलेल्यांची वस्त्रे नेसावीत असा दंडक आहे. दुसऱ्याने टाकलेले अंगावर घेणे ही आपल्या पूर्वजांची आवड नव्हती, ती त्यांच्यावर लादलेली सक्ती होती. मग शिकलेल्या सुनेने म्हणावे, "सासूबाई, आता कशाला त्या चिंध्या?" तर त्यात वावगे ते काय?

परंतु त्याच मनुस्मृतीचे २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला दहन झाले, आणि त्याच परिषदेच्या दिवसांत बाबासाहेबांनी जमलेल्या स्त्रियांसमोर वेगळे भाषण केले. लुगडे नेसण्याची पद्धत बदला, अस्पृश्यतेची खूण सांगणारे दागिने टाका, असे त्यांनी सांगितले. कपड्याला ठिगळे असली तरी हरकत नाही, तो स्वच्छ असला पाहिजे, असाही त्या भाषणाचा आशय होता. म्हणजे आक्षेप ठिगळाला नव्हता, ते ठिगळ लादणाऱ्या व्यवस्थेला होता. आपल्याच घरातले, आपण धुतलेले, आपल्या मर्जीने जोडलेले कापड आणि दुसऱ्याने फेकलेली चिंधी यांत हा फरक आहे.

चीवराची गोष्ट तर विहारात आपण ऐकतोच. भिक्खूंचे वस्त्र तुकडे जोडून होते. मगधातील बांध घातलेल्या शेतांची आकृती पाहून तशी वस्त्राची मांडणी करता येईल का, असे भगवंतांनी आनंदाला विचारले आणि आनंदाने ती करून दाखवली, असे विनयात आहे. वर्षावासानंतर कठिन चीवर होते, तेथे 'कठिन' म्हणजे कापड ताणून शिवण्याची चौकट. चीवर त्याच दिवशी पुरे करायचे आणि भिक्खूंनी एकमेकांना हात लावायचा, अशी ती रीत होती. चीवरदान करताना तयार पाकीट आपण पुढे करतो, पण मुळात ते मिळून शिवण्याचे काम होते.

सातासमुद्रापार अशीच एक कथा घडली आहे, आणि ती आपल्या घरांत माहीत असावी. अमेरिकेच्या अलाबामा राज्यात नदीच्या वळणावर जीज बेंड नावाचे कृष्णवर्णीयांचे गाव आहे. गुलामांचे वंशज, कुळाने शेती करणारे. थंडीसाठी तेथील बायका जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवत, त्याला तिकडे क्विल्ट म्हणतात. १९४२ साली मिसूरी पेटवे या बाईचा नवरा वारला. तिने त्याचे शेतात घालायचे कपडे, गुडघ्यावर झिजलेले, घामाने विटलेले, मुलीला हाताशी घेऊन जोडले आणि त्यांची गोधडी केली. त्याची आठवण अंगावर घेता यावी, एवढाच हेतू. ती गोधडी पुढे कलासंग्रहालयांतून मांडली गेली.

साठच्या दशकात ही माणसे मताधिकारासाठी उठली. नाव नोंदवायला तालुक्याच्या गावी जाता येऊ नये म्हणून १९६२ साली नदीवरची होडीसेवाच बंद करण्यात आली! मतदार यादीत नाव घातले म्हणून कित्येकांना घरातून, शेतातून बाहेर काढले. अशा वेळी, १९६६ साली, तेथल्या बायकांनी 'फ्रीडम क्विल्टिंग बी' ही गोधडी शिवणाऱ्यांची सहकारी संस्था उभी केली. १९६९मध्ये संस्थेने २३ एकर जमीन घेतली, शिवणकेंद्र बांधले आणि बेघर झालेल्या काही कुटुंबांना त्याच जमिनीतून घरासाठी तुकडे विकत दिले. २००२ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात जीज बेंडच्या गोधड्यांचे प्रदर्शन भरले, २००६ साली त्यांची टपाल तिकिटे निघाली. होडीही त्याच साली पुन्हा सुरू झाली. चव्वेचाळीस वर्षे लागली!

सुईदोऱ्याने मन निवते हे सांगायला खरे तर पंडित नको. तरी विलायतेतल्या एका नियतकालिकात २०१३ साली साडेतीन हजारांहून अधिक विणकाम करणाऱ्यांची पाहणी छापून आली. वारंवार विणणाऱ्यांनी मन शांत राहत असल्याचे अधिक प्रमाणात सांगितले, आणि गटात बसून विणण्याचा संबंध आनंदाशी व लोकांत मिसळण्याशी दिसला. मात्र ज्यांना विणकाम आवडते त्यांनाच विचारले होते, तेव्हा त्यावर फार इमले बांधू नयेत. झोप उडाली असेल, जीव नकोसा झाला असेल, घरात दारू शिरली असेल, तर ती गोष्ट गोधडीवर सोपवू नये. सरकारची 'टेलि-मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे, तेथे फोन करावा, डॉक्टरांना दाखवावे.

आणखी एक. चार बायका शिवायला बसल्या की लगेच कोणीतरी म्हणते, "बचत गट काढा, विका." टाळेबंदीत राज्यातल्या कितीतरी बचत गटांनी मास्क शिवून घर चालवले, त्यांचे मोलच आहे. शहरात आता हौसेने गोधडी विकत घेणारेही आहेत, गीता खंडेलवाल यांनी तर महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर स्वतंत्र पुस्तकच केले आहे. परंतु पहिल्याच दिवशी गिऱ्हाईक मध्ये आले की मोजमाप येते, घाई येते, आणि जिचा टाका वाकडा ती यायची बंद होते. नेमकी तीच यायला हवी असते. म्हणून पहिल्या दोन-चार गोधड्या घरच्यासाठीच असाव्यात. नंतर विकायच्या झाल्या तर चौघींच्या दुपारांची मजुरी किमतीत धरावी. 'फावल्या वेळातले काम' म्हणून कवडीमोलाने देऊ नये.

जागेचा प्रश्न मात्र खरा आहे. निगडीच्या ओटा स्कीममध्ये दारासमोर बसता येते. चिखलीच्या घरकुलात किंवा पुनर्वसनाच्या उंच इमारतीत प्रत्येकीचे दार बंद, आणि मधल्या पॅसेजमध्ये गाड्या नि सायकली. महाळुंगे, निघोजे, कुरुळीच्या भाड्याच्या खोल्यांत नव्याने आलेल्या सुना तर कोणालाच ओळखत नाहीत. विहाराचे सभागृह रविवारच्या वंदनेनंतर रिकामे असते. विहार समितीने बुधवार-गुरुवारी दुपारी दोन ते चार ते उघडून दिले, पंखा लावू दिला, तरी पुष्कळ झाले. चावी एखाद्या ज्येष्ठ आत्याबाईंकडे असावी.

सुरुवात करणाऱ्यांसाठी थोडे. कपडे आधी गरम पाण्यात धुवावेत, कंपनीच्या युनिफॉर्मला ऑइलचा आणि कुलंटचा वास असतो, तो एका धुण्यात जात नाही. बटणे, चेन, खिशाच्या जाड शिवणी काढून टाकाव्यात, सुई तेथेच मोडते. युनिफॉर्मचे जाड कापड पोटात न घालता कडेला पट्टी म्हणून लावावे, किनार वर्षानुवर्षे टिकते. टेरिकॉट घाम शोषत नाही, ते लहान मुलांसाठी वापरू नये. दोरा सुती आणि दुहेरी घ्यावा. पहिले काम बाळाच्या दुपट्याचे धरावे, आठवड्यात हातावेगळे होते आणि नवख्या हाताला हुरूप येतो. गोधडी कोणाच्या घरी जायची हे भिशीसारखे चिठ्ठी टाकून ठरवावे. फक्त ज्या घरात बाळंतपण आहे किंवा माणूस कामावरून बसला आहे, त्या घराची चिठ्ठी टाकू नये. तिथली आधी शिवायला घ्यावी.