सांगणारा एक, विचारणारा दुसरा

वरसईच्या विष्णुभट गोडसे यांना इतिहासात जायचं नव्हतं, कर्ज फेडायचं होतं. पेणजवळचं ते गाव, भिक्षुकीवर चालणारं घर आणि डोक्यावर देणं. अशात १८५७ च्या आरंभी बातमी आली, की ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेत सर्वतोमुख यज्ञ करणार आहेत. यज्ञ म्हणजे ब्राह्मण जमणार, दक्षिणा वाटली जाणार. काका रामभट यांच्यासह हा तिशीच्या आसपासचा माणूस उत्तरेकडे निघाला. महूच्या आसपास पोचेपर्यंत पलटणी बिघडल्या होत्या आणि पुढचा प्रवास ठरल्याप्रमाणे झालाच नाही.

‘माझा प्रवास’ हे पुस्तक आज बहुतेकांना झाशीच्या राणीमुळे माहीत आहे. ते साहजिकही आहे. सर ह्यू रोजच्या फौजेने मार्च १८५८ मध्ये झाशीला वेढा घातला तेव्हा भटजी शहरात होते. राणीचा दिनक्रम, तिचा व्यायाम, घोड्यांची पारख, कधी पुरुषी पोशाख तर कधी पांढरं पातळ, हे सगळं एका याचक ब्राह्मणाच्या नजरेने त्यांनी टिपलं आहे. पण मला ते पुस्तक पुन्हा उघडायला लावतात ती दुसरी पानं. शहर पडल्यावर लूट कशी झाली, याचा त्यांनी लावलेला क्रम बघा: आधी सोनं-नाणं, मग भांडी, मग धान्य आणि कापडचोपड. लुटणारे बदलत गेले तशी लुटीची जातही उतरत गेली. संस्थानचं ग्रंथालय जळालं त्याबद्दलची हळहळ तर खास पोथीवाल्या माणसाची आहे. माणसं मेल्याचं सांगताना जो आवाज स्थिर असतो तो पोथ्यांशी आला की कापतो. कुणाला हे खटकेल, मला खरं वाटतं.

पुढे काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी धुळीने माखलेली, पठाणी वेशातली राणी त्यांना पुन्हा भेटते. ते तिच्यासाठी पाणी शेंदायला पुढे होतात, तर विद्वान ब्राह्मणाने आपल्यासाठी पाणी काढू नये म्हणून ती त्यांना थांबवते. त्या प्रसंगावर नाटककारांनी आणि कादंबरीकारांनी काय काय उभं केलं असतं! भटजी चार ओळींत सांगतात आणि आपल्या वाटेला लागतात. त्यांना घरी जायचं असतं. वाटेत कमाई लुटली जाते, पुन्हा थोडी जमते, पुन्हा जाते. शेवटी हाती उरते ती आईवडिलांसाठी खांद्यावरून आणलेली गंगेची कावड.

हा माणूस लेखक नव्हता. त्याला हे लिहून काढावंसं वाटलं ते कुणीतरी मागितलं म्हणून. त्या मागणाऱ्याचं नाव चिंतामण विनायक वैद्य, पुढे ‘भारताचार्य’ म्हणून ओळखले गेलेले. गोडसे त्यांच्या घराण्याचे उपाध्ये. सगळा प्रकार घडून पंचवीसेक वर्षं उलटल्यावर, १८८३ च्या सुमारास, वैद्यांच्या आग्रहावरून भटजींनी मोडीत हकीकत लिहिली. ती छापली गेली १९०७ मध्ये. तोवर भटजी वारले होते. बंडाबद्दल लिहिणं सरकारला कितपत रुचेल याची धास्ती, हे त्या उशिरामागचं कारण. उशीर समजून घेता येतो. मात्र वैद्यांनी मजकुरावरून हातही फिरवला. काही गाळलं, काही घातलं, भाषा घासूनपुसून घेतली. मूळ मोडी हस्तलिखित पुढे पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात गेलं आणि त्यावरून दत्तो वामन पोतदारांनी सिद्ध केलेली आवृत्ती १९६६ मध्ये आली. म्हणजे जवळजवळ साठ वर्षं मराठी वाचक जे वाचत होता ते गोडसे अधिक वैद्य असं होतं. हिंदीत अमृतलाल नागरांनी ‘आँखों देखा गदर’ केलं तेही या मधल्या काळातलं.

इथे वैद्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणं सोपं आहे. मला ते अन्यायाचं वाटतं. त्यांनी विचारलं नसतं तर फेरफार करायलाही काही उरलं नसतं. आयुष्य सांगणारे आपल्याकडे उदंड आहेत. ओटीवर, ओसरीवर, लग्नाच्या पंगतीनंतर पान लावता लावता लोक सांगतच असतात. ते कागदावर उतरतं ते बहुतेक वेळा कुणी अडवून ‘थांबा, हे लिहा’ म्हणालं तरच. मराठीतल्या कितीतरी आत्मकथांच्या मागे असा एक दुसरा माणूस उभा आहे. मुखपृष्ठावर त्याचं नाव नसतं, पण पानोपानी त्याचा हात जाणवतो.

ही रीत मराठी गद्याइतकीच जुनी आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी उत्तरेकडे निघून गेल्यावर त्यांचे अनुयायी ऋद्धिपुराला स्वामींचे गुरू गोविंदप्रभू यांच्या आश्रयाने राहिले. त्यांतल्या म्हाइंभटाने, स्वामींनंतर पंथाचा भार वाहणाऱ्या नागदेवाचार्यांकडून आणि इतर भक्तांकडून स्वामींच्या आठवणी गोळा केल्या. ज्याने जे पाहिलं त्याच्याकडून ते घ्यायचं, नागदेवाचार्यांकडून ताडून घ्यायचं आणि मगच लिहायचं. त्यातून झालेलं ‘लीळाचरित्र’ वाचताना पहिली जाणीव होते ती तपशिलाची. स्वामी कोणत्या गावी, कोणत्या देवळात उतरले, जेवायला काय होतं, शिष्या बाइसांनी काय म्हटलं, कोण रुसलं. अवतारपुरुषाचं चरित्र म्हणून जे आरंभलं त्यात त्या काळातली साधी बायामाणसं आपोआप येऊन बसली. मतभेद असेल तिथे ‘वासना’ म्हणून दुसऱ्याची आठवणही नोंदवलेली सापडते. आपल्या आठवणीशी न जुळणारी दुसऱ्याची आठवण मिटवायची नाही, शेजारी ठेवायची, हा शहाणपणा आजच्या गौरवग्रंथांच्या संपादकांनी घ्यावा असा आहे. (घेणार नाहीत, हेही माहीत आहे.)

परंपरा सांगते, की म्हाइंभटाची मूळ प्रत खलजीच्या स्वारीच्या धामधुमीत गेली. मग ज्यांना पाठ होतं त्यांच्याकडून ग्रंथ पुन्हा उभा केला गेला. त्यांत हिराइसा या स्त्रीच्या स्मरणावर आधारलेला पाठ विशेष मानला जातो. नागदेवाचार्यांचा आग्रह होता तो मराठीचा, संस्कृतात लिहिलं तर पंथातल्या म्हाताऱ्या बाया वंचित होतील म्हणून. ज्या बायांसाठी मराठी राखली त्यांतल्याच एकीच्या तोंडून ग्रंथ परत मिळावा, हा योग विलक्षण आहे. पुढे हा ग्रंथ सांकेतिक लिप्यांत कुलूपबंद राहिला. ती कुलपं विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांच्यासारख्या संशोधकांनी उघडली.

आता परत १८५७ कडे, वेगळ्या दाराने. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ सुरू होतात तीही त्याच बंडाच्या सावलीत. त्यांच्या आईच्या वडिलांना बंडाशी संबंध जोडून फाशी झाली आणि त्या धक्क्यात लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या डोक्यात सोवळ्याचं खूळ शिरलं. नाशिकजवळच्या जलालपूरच्या त्या घरात मीठसुद्धा धुऊन घेतलं जाई. इतिहासाच्या पुस्तकात बंड मोडल्याची तारीख असते. ते एका घरातल्या मिठाच्या भांड्यापर्यंत कसं पोचलं, हे फक्त अशा आठवणीतच कळतं. गोडसे भटजींनी बंड पाहिलं, लक्ष्मीबाई ते संपल्यावर दहा वर्षांनी, १८६८ मध्ये, जन्मल्या. तरी दोघांची पुस्तकं शेजारी ठेवली तर दुसरं पहिल्याची पुरवणी वाटतं.

लक्ष्मीबाईंना विचारणारा त्यांचा मुलगा देवदत्त. वडिलांचं, रेव्हरंड ना. वा. टिळकांचं, चरित्र लिहायचं म्हणून त्याला आईच्या आठवणी हव्या होत्या. चरित्रासाठीचा कच्चा माल म्हणून मागितलेलं हे लेखन मूळ मालकाच्या हातून निसटलं आणि बाईंचं झालं. टिळक त्यात आहेत, भरपूर आहेत; संतापी, उदार, पैसा हातात न टिकणारे, १८९५ मध्ये घरच्यांना धक्का देऊन ख्रिस्ती झालेले. पण त्यांच्याकडे बघून हसणारी, रडणारी, पाच वर्षांनी आपल्या पायांनी चालत त्याच धर्मात जाणारी बाई त्यांच्यापेक्षा मोठी होऊन बसते. स्वतःवर हसायला ती कुणाची परवानगी घेत नाही. १९३४ पासून चार भागांत पुस्तक आलं आणि १९३६ मध्ये लक्ष्मीबाई गेल्या. नवऱ्याच्या चरित्राची साधनं म्हणून सुरू झालेलं काम मराठीतल्या थोर आत्मचरित्रांत गणलं जातं.

रमाबाई रानडे यांचं याच्या उलट झालं. ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (१९१०) या नावातच ‘आमच्या’ आहे आणि त्या शब्दाशी त्या प्रामाणिक राहिल्या. अकराव्या वर्षी लग्न, नवऱ्याने लावलेली अक्षरओळख, घरातल्या बायकांचे टोमणे, हे सगळं आहे. गोपाळ कृष्ण गोखल्यांची प्रस्तावना आहे. पण नवऱ्याच्या, न्यायमूर्ती रानड्यांच्या, उंचीपुढे रमाबाई स्वतःला सतत बसूनच ठेवतात. आनंदीबाई कर्व्यांचं ‘माझे पुराण’ (१९४४) मला त्यामानाने मोकळं वाटतं. ते कावेरी कर्वे यांनी लिहून घेतलं. घरातल्याच एका बाईपुढे बोलायचं असल्याने असेल, आनंदीबाई अण्णांच्या, म्हणजे नवऱ्याच्या, महर्षी कर्व्यांच्या थोरवीसोबत त्या थोरवीचा घरखर्चही मांडतात. संस्थेला वाहून घेतलेल्या माणसाच्या बायकोने संसार कशावर चालवावा, हा प्रश्न त्यात चांगला तिखट आहे.

विचारणारा घरचा नसून पत्रकार असला की काय होतं ते हंसा वाडकरांच्या ‘सांगत्ये ऐका’ मध्ये दिसतं. ‘लोकशाहीर रामजोशी’ ते ‘सांगत्ये ऐका’ अशा चित्रपटांनी घराघरांत पोचलेली ही नटी अरुण साधूंशी बोलली, ‘माणूस’ साप्ताहिकातून ते आलं आणि १९७० मध्ये राजहंसने पुस्तक केलं. दारू, पळून जाणं, फसवणूक, गर्भपात, सगळं ती सांगते आणि दयेची भीक मागत नाही. शब्दांकनाबद्दल आपल्याकडे थोडा तुच्छभाव आहे, ‘स्वतः कुठे लिहिलंय?’ असा. हे पुस्तक त्याला पुरेसं उत्तर आहे. वाक्यं साधूंनी जुळवली असतील, पण त्यांतला बेदरकारपणा जुळवता येत नाही. १९७१ मध्ये हंसाबाई वारल्या. १९७७ मध्ये श्याम बेनेगलांनी त्यावरून ‘भूमिका’ केला आणि स्मिता पाटीलला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चित्रपट देखणा आहे, मात्र पुस्तकातली बाई त्यातल्या उषापेक्षा जास्त खट्याळ आहे.

पुढच्याच वर्षी, १९७८ मध्ये, ‘बलुतं’ आलं. तिथे विचारायला कुणी नव्हतं, म्हणून दया पवारांनी स्वतःचेच दोन केले. दगडू मारुती पवार सांगतो आणि शिकलेला, कवी झालेला, नोकरीतला दया पवार ऐकतो. ही केवळ लेखनातली युक्ती नाही. महारवाड्यातून आणि मुंबईच्या कावाखान्यातून वर आलेल्या माणसाला मागचं सांगताना लाज वाटते आणि लाज वाटल्याचीही लाज वाटते. एका तोंडाने ते बोलणं अवघड होतं. पुढे आलेल्या दलित आणि भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांना ‘बलुतं’ने वाट करून दिली हे सर्वमान्य आहे. त्याने सांगणारा आणि ऐकणारा यांच्यातलं अंतर एकाच माणसाच्या आत आणून ठेवलं, याकडे मात्र कमी लक्ष गेलं.

फलटणच्या बेबीताई कांबळे यांच्याकडे तीही सोय नव्हती. छोट्याशा किराणा दुकानात पुड्या बांधायच्या रद्दीतून त्या वाचायला लागल्या, मग लिहायला लागल्या आणि लिहिलेलं घरच्यांपासून लपवत राहिल्या, वीस वर्षं. फलटणमध्ये राहून काम करणाऱ्या मॅक्सीन बर्नसन या अमेरिकेत जन्मलेल्या भाषाभ्यासक बाईंना त्या वह्यांचा सुगावा लागला. त्यांच्या आग्रहाने ते ‘स्त्री’ मासिकातून आणि १९८६ मध्ये ‘जिणं आमुचं’ म्हणून पुस्तकरूपाने आलं. त्यात बेबीताई ‘मी’ फारसं म्हणतच नाहीत. वीरगावच्या आजोळचा महारवाडा, पोतराज, आषाढातली जत्रा, उपाशी बाळंतिणी, सुनांना होणारा छळ, बाबासाहेबांच्या हाकेनंतर उठलेली माणसं, सगळं ‘आम्ही’. सुनांच्या छळाबद्दल त्यांनी इतकं निडर लिहिलं आहे की वाचणाऱ्याला वाटतं, आता काही दडवलेलं नसेल.

माया पंडित यांनी २००८ मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद केला तेव्हा शेवटी बेबीताईंची मुलाखत जोडली. त्यात त्यांना विचारलं गेलं, की लिहिलेलं इतकी वर्षं लपवलं का. मग त्या नवऱ्याबद्दल बोलल्या, त्याच्या संशयाबद्दल, मारहाणीबद्दल. पुस्तकात आपण समाजाचं दुःख लिहिलं, स्वतःचं नाही, असं त्यांचं म्हणणं. इंग्रजी वाचकाला बेबीताईंच्या घरातलं हे पुस्तकासोबतच कळलं. मूळ मराठी पुस्तकात मात्र त्याबद्दल एक अक्षर नाही.